साकुराखाली दोन डबे

तोचिबारा,
५ मार्च २०१७

प्रिय मिझुहो,

अनेक आशीर्वाद.

छपरावरचा बर्फ परवा दुपारी एकदम खाली आला आणि माझा कांद्याचा वाफा गाडला गेला. म्हणजे थंडी संपली म्हणायची. देवळामागच्या ओढ्यालाही पाणी आलंय.

पत्राचं कारण असं, की यंदा देवाची जत्रा सोळा एप्रिलला, रविवारी धरली आहे. साकुराचा बहर उशिरा येणार म्हणून पुजारीबुवांनी ती आठवडाभर पुढे ढकलली. तू ये. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं तुम्ही दोघं न चुकता यायचात. माझा मासातो गेला, त्याच्या पुढच्या वसंतात आपण वर्षभराच्या सुतकात होतो, देवळाच्या कमानीखालून जाता आलं नाही. मागच्या वर्षी माझ्याकडूनच बोलावणं राहिलं, तब्येतीचं काहीतरी चाललं होतं. येत्या ऑक्टोबरात त्याला जाऊन तीन वर्षं होतील. यंदा आपण दोघींनी देवापुढे हात जोडावेत आणि देवळातल्या साकुराच्या झाडाखाली बसून डबा खावा, एवढंच मनात आहे. तुझी नणंद नोबुए येणार नाही. तिच्याकडे पाहुणे आहेत. म्हणजे आपण दोघीच.

आणखी एक. तू केलेली खालची कवळी सैल झालीय. 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. शेजारची यासुए म्हणते, "तोकिए, तुझी सून शहरात दात बनवते ना? मग सासूच्याच तोंडात रेल्वे कशी काय सुटली?" तिला काय उत्तर द्यायचं ते तूच कळव.

तुझी सासू,
तोकिए

*

नागोया,
१२ मार्च

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. कांद्याचं वाईट वाटलं.

आमच्याकडे सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. एक मुलगी बाळंतपणाला गेली आणि तिचं काम माझ्या टेबलावर आलं. रोज सहा-सात कवळ्या पुऱ्या करायच्या असतात. रविवारीही जावं लागतं. सोळा तारखेला जमेल असं वाटत नाही. फार आशेवर राहू नका, ही विनंती.

कवळी मऊ फडक्यात गुंडाळून टपालानं पाठवा. तोंडात बसवून पाहिल्याशिवाय नीट होत नाही, तरी जमेल तेवढं करीन.

गुडघ्याला जपा. यासुएकाकूंना नमस्कार.

आपली,
मिझुहो

*

तोचिबारा,
१९ मार्च

प्रिय मिझुहो,

कवळी टपालानं पाठवली तर आठवडाभर मी काय चघळू? आणि तूच लिहितेस, तोंडात बसवून पाहायला हवी. मग एक तर हे तोंड नागोयाला यायला हवं, नाहीतर तू इकडे.

तुला ओशाळवायचं म्हणून लिहीत नाही. काम असतं हे मला कळतं. पण गाव कसं झालंय ते सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे चाळीस उंबरे होते. आता अकरा. जत्रेच्या दिवशी ज्या घरात माणूस आहे, त्या घराच्या नावाचा कंदील देवळाच्या पायऱ्यांवर लागतो. मागच्या वर्षी वरच्या निम्म्या पायऱ्यांवर एकही नव्हता. पालखी उचलायला सोळा खांदे लागतात. सोळा खांदे आहेत, पण त्यातले चौदा सत्तरीच्या पुढचे. म्हणून पालखी हल्ली छोट्या टेंपोवर ठेवून फिरवतात. देव काही बोलत नाही. यासुए म्हणते, त्यालाही आता बसून फिरायची सवय लागली.

पायऱ्या शहाण्णव आहेत. मागच्या वर्षी चढताना मी चार वेळा बसले. हात धरायला कोणी असेल तर दोनदा बसून भागेल.

अर्धाच दिवस ये. दहा चाळीसच्या बसनं ये आणि साडेतीनच्या बसनं जा. मुक्कामाला राहा असं मी म्हणणार नाही. आणि तुला माझ्याशी काही बोलायचं असेल तर तिथे बोल. घरात चार भिंतींमध्ये काही शब्द फार मोठे होतात. झाडाखाली तसे होत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तुझी,
तोकिए

*

नागोया,
३० मार्च

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

सोळा तारखेची सुट्टी मिळाली. दहा चाळीसच्या बसनं येते.

मलाही तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. कवळीची हत्यारं सोबत आणते.

आपली,
मिझुहो

*

नागोया,
१७ एप्रिल

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

काल येऊ शकले नाही, क्षमा करा. शनिवारी संध्याकाळपासून एकदम ताप भरला. उठून फोन करायचीही ताकद नव्हती. तुम्ही वाट पाहिली असेल या विचारानं फार लाज वाटते आहे. आता बरी आहे.

मिझुहो

*

तोचिबारा,
२१ एप्रिल

प्रिय मिझुहो,

ताप उतरला हे वाचून जिवात जीव आला. भाताची पेज घे, वर खारवलेलं उमेचं आंबट फळ घाल, आणि दोन दिवस तरी दुसऱ्यांच्या दातांना हात लावू नकोस.

माझी अजिबात काळजी करू नकोस. दिवस फार छान गेला. बहर असा आला होता की खालच्या वळणावरूनच झाड दिसत होतं. त्या खालपर्यंत लोंबणाऱ्या फांद्या तुला माहीत आहेत. पुजारीबुवांनी दोन फांद्यांना यंदा बांबूची टेकणं दिली आहेत. म्हातारं झालंय बिचारं, पण फुलायचं काही विसरत नाही. वारा नव्हता. आदल्या दिवशी पाऊस झाल्यामुळे धूळही नव्हती.

तू दहा चाळीसला आली नाहीस तेव्हा मला वाटलं बस चुकली असेल, सव्वाच्या बसनं येशील. तीही गेली तेव्हा समजले की काही अडचण आली. यासुए होतीच सोबत. तुझा डबा तिनं खाल्ला. तळलेल्या टोफूच्या पिशव्यांत भात भरला होता, बांबूचे कोंब शिजवले होते, अंड्याची गोड वडी होती. तिनं एकही शीत ठेवलं नाही. आम्ही खूप हसलो. पायऱ्या उतरताना तिनंच हात धरला.

तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. फुलं पुढच्या वर्षी पुन्हा येतातच.

तुझी,
तोकिए

*

नागोया,
२९ एप्रिल

आई,

तुमचं पत्र पाच-सहा दिवस टेबलावर पडून आहे. रोज वाचते.

मला ताप आला नव्हता.

मी शनिवारीच आले होते. रात्री खालच्या शहरात राहिले आणि रविवारी पहाटेच्या पहिल्या बसनं तोचिबाराला उतरले. मला आधी एकटीनं देवळात जाऊन यायचं होतं, म्हणजे तुम्ही येईपर्यंत धीर गोळा होईल. हात धुतले, चूळ भरली, दोरी ओढून घंटा वाजवली. दोनदा वाकून टाळ्या वाजवल्या आणि पुढे काय मागायचं ते सुचेना. तशीच उभी राहिले. मग पायऱ्यांवरून माणसांचे आवाज आले, त्यात तुमचा होता, आणि मी नाचाच्या मंडपामागे गेले. पालखी ठेवायची खोली आहे ना, तिच्या आडोशाला. का गेले ते मला अजून सांगता येत नाही. लहान मूल लपतं तशी लपले.

यंदा तुम्ही मागच्या वर्षीसारख्या चार वेळा नाही, सहा वेळा बसलात. मी वरून मोजत होते.

यासुएकाकू तुम्हाला म्हणाल्या, "एकटीच आलीस? कुठे गेली तुझी शहरातली चिमणी?" तुम्ही म्हणालात, "सून येतेय माझी. पुढच्या बसनं." मग पुजारीबुवांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलंत. दारूचे पेले वाटणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलंही नव्हतं, तरी त्याला सांगितलंत.

काकू थोड्या वेळानं त्यांच्या भावाबरोबर निघून गेल्या. तुम्ही निळं फडकं अंथरलंत, त्यावर दोन डबे ठेवलेत, आणि दोन पेले. सव्वाच्या बसचा आवाज आला तेव्हा तुम्ही उठून पायऱ्यांच्या टोकाशी गेलात. परत येऊन बसलात. डब्यांवर फुलं पडत होती, ती तुम्ही एकेक करून बाजूला करत होतात. दोन्हींतला एकही डबा उघडला गेला नाही. तीन वाजता ते पुन्हा बांधलेत आणि एकट्या खाली उतरलात. तुमचा हात कोणी धरला नव्हता. मी तीस पावलांवर होते आणि मीही धरला नाही.

आता जे सांगायला आले होते ते सांगते.

मासातोच्या पहिल्या वर्षश्राद्धाला सगळे जेवायला बसले होते. नोबुएताई म्हणाल्या, "मिझुहो आता इकडेच येईल राहायला. आईला बघेल, थडग्याचं बघेल. मूलबाळ नाही, तिकडे तिचं आहे तरी कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही चहा ओतत होतात. तुम्ही काही बोलला नाहीत.

परतीच्या बसमध्ये सारखं वाटत होतं की हे डोंगर माझ्यावर दार लावून घेताहेत. नोव्हेंबरात मी सरकारी कचेरीत गेले आणि एक अर्ज भरला. नवरा गेल्यावर सासरच्या माणसांशी असलेलं नातं संपवण्याचा अर्ज असतो, एक पानी. बायकोच्या एकटीच्या सहीनं होतो. सासरी कोणाला विचारत नाहीत, कळवतही नाहीत. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला आणि म्हणाला, "झालं." पाच मिनिटंही लागली नाहीत.

म्हणजे दीड वर्षापासून मी तुमची सून नाही. तुम्ही त्या दिवशी देवाच्या दारात साऱ्या गावाला सांगत होतात, सून येतेय, आणि ते खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं. मला पुढे येता आलं नाही.

कोणा दुसऱ्यासाठी मी हे केलं असं तुम्हाला वाटू नये म्हणून सांगते. कोणी नाही. सकाळी सातला निघते, रात्री आठला येते, दिवा लावते. कधीकधी घरात पाऊल टाकताना 'आले गं' म्हणते आणि मग आठवतं. मोकळं व्हायचं म्हणून सही केली होती. मोकळी झाले आणि त्या मोकळ्या जागेत तशीच उभी आहे.

तुम्ही रागावलात तर योग्यच आहे. उत्तर नाही आलं तरी समजेन.

मिझुहो

*

तोचिबारा,
५ मे

मिझुहो,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीजवळच्या फळीवर ठेवलं आणि शेतावर गेले. संध्याकाळी परत वाचलं. आता लिहिते.

मला माहीत होतं.

डोंगरावरची थोडी जमीन मासातोच्या नावावर होती. तिच्या कागदांसाठी मागच्या वर्षी फेब्रुवारीत मला त्याच्या कुटुंब-नोंदीची नक्कल काढावी लागली. त्याच्या नावावर मृत्यूची नोंद होती आणि तुझ्या नावाखाली ती ओळ. मला वाचता आली पण कळेना. खिडकीतल्या मुलीला विचारलं, बाई, हे काय आहे? ती बिचारी लाल झाली. तिनं हळू आवाजात समजावून सांगितलं आणि मला खुर्ची दिली.

मागच्या वर्षी तुला जत्रेला बोलावलं नाही ते तब्येतीमुळे नाही. रागानं. तुझा फोटो कपाटात पालथा घातला होता. मासातोच्या थडग्याशी जाऊनही तुझी चहाडी केली, म्हटलं, बघ तुझी बायको. सारा उन्हाळा तुला मनात बोलत होते. अशी बोलले की आता आठवलं तर लाज वाटते.

आणि श्राद्धाच्या दिवशी मी गप्प बसले, ते चहा ओतत होते म्हणून नाही. नोबुए जे बोलली ते मला हवं होतं. तिनं माझ्या मनातलं बोलून टाकलं, म्हणून मी गप्प. तू माझ्याकडे पाहिलंस ते मी पाहिलं होतं. मी किटलीकडे पाहत राहिले. तेव्हा तू दार बंद होताना ऐकलंस त्यात तुझी चूक नाही. दाराला माझाही हात होता.

राग कसा गेला ते सांगते. पर्सिमन सोलून वाळत घालायचे दिवस होते. एकटीनं दोनशे फळं सोलली. सोलताना मनात आलं, ती चाळीस-बेचाळीसची बाई आहे. तिला कोणीतरी भेटला असणार. बरं झालं. आपल्या दोघींतली एक तरी आता एकटी जेवत नसेल. त्या दिवसापासून मी शांत झाले. मनात तुझ्यासाठी एक माणूसही रचला होता. चष्मा लावणारा, थोडा टक्कल पडलेला, मासातोपेक्षा कमी बोलणारा. रात्री जेवायला बसले की म्हणायचे, आता ती दोघंही बसली असतील. तुला यंदा बोलावलं ते त्यासाठीच. तू तुझ्या तोंडानं सांगावंस, आणि मी म्हणावं, हो गं, छान झालं. एवढंच घोकून ठेवलं होतं.

आणि आता तू लिहितेस, कोणी नाही.

अर्जाचं मला काही वाटलं नाही. त्याचं रडून झालं होतं. पण हे वाचून मी रडले. अडीच वर्षं मी इथे एकटी जेवत होते आणि तू तिथे एकटी जेवत होतीस, आणि शेवटचं अर्धं वर्ष मी त्या टक्कलवाल्याच्या भरवशावर निवांत होते.

डब्याचं खोटं बोलले खरी. दोन्ही डबे घरी आणून रात्री एक खाल्ला, सकाळी दुसरा.

आता तुला स्वच्छ सांगते. तो अर्ज आहे तसाच राहू दे. तो मागे घेता येतो का, असलं काही विचारायला जाऊ नकोस. नोबुएला मी सांगेन, आणि ती काय बोलायचं ते मला बोलेल. माझं म्हातारपण तुझ्या गळ्यात नाही, थडगंही नाही. कायद्यानं तू आता माझी कोणी नाहीस. मग इथे पाय ठेवायला भिण्याचं कारणही उरलं नाही. यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर येऊ नकोस, मी वाट पाहायची सवय मोडते आहे.

बहर संपला. झाड सगळं हिरवं झालंय, कोणी बघायला येत नाही.

तोकिए

*

नागोया,
१३ मे

आई,

एकवीस तारखेला रविवारी दहा चाळीसच्या बसनं येते. बसमधून उतरेन तेव्हा तुम्ही थांब्यावर नसलात तरी चालेल. मी घर ओळखते.

मिझुहो

*

तोचिबारा,
२४ मे

प्रिय मिझुहो,

नीट पोचलीस हे फोनवर कळलंच. तरी लिहिते, कारण समोर असताना मला फारसं बोलता आलं नाही, आणि तूही काही कमी मुखदुर्बळ नाहीस. शहाण्णव पायऱ्यांत आपण दोघी मिळून दहा वाक्यं बोललो असू. त्यातली निम्मी गुडघ्याबद्दल होती.

तू देवापुढे इतका वेळ उभी होतीस, काय मागितलंस ते मी विचारलं नाही. मी काही मागितलं नाही. मला फक्त सांगायचं होतं, ते सांगितलं.

झाडाखाली तू झोपलीस ते बरं झालं. तुला वाटलं असेल डोळा लागला दहा मिनिटं. चांगला दीड तास झोपली होतीस, तोंड उघडं ठेवून. माश्या वारत मी बसले होते. पुजारीबुवा झाडू मारायला आले, तुला बघून झाडू काखेत धरून तसेच परत गेले. साडेतीनची बस गेली तेव्हा मी तुला मुद्दाम उठवलं नाही, हे आता कबूल करते. पाच पंचावन्नची आहे हे मला माहीत होतं. त्यात काही कट नव्हता. झोपलेलं माणूस घरात बघून मला फार दिवस झाले होते, आणि ते तर घरही नव्हतं.

पुढच्या एप्रिलला ये असं म्हणत नाही. पुजारीबुवा म्हणाले, यंदाची जत्रा बहुतेक शेवटची. दोन घरं शहरात मुलांकडे जाताहेत, मग राहतील नऊ. देवाला खालच्या शहरातल्या मोठ्या देवळात नेऊन बसवायचं घाटतंय. झाड मात्र इथेच राहील, ते कुठे नेणार. बघू काय होतं ते.

तू गेल्यावर घर फार मोठं वाटलं. खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. दोन दिवस दिवा लवकर मालवून पडून राहिले. आज उठून बर्फातून वाचलेले कांदे काढले.

कांदे काढताना यासुए बांधावर आली. रविवारी तिनं आपल्याला पायऱ्या उतरताना पाहिलं होतं. तू माझा हात धरला होतास. ती म्हणाली, "तोकिए, ती कोण गं होती तुझ्याबरोबर? माझे डोळे आता लांबचं धरत नाहीत. सून होती का?"

मी कांद्याची माती झटकत राहिले. सून म्हणावं तर सरकारी कागदात ते खरं नाही. पाहुणी म्हणावं तर जीभ वळेना. लेक म्हणावं तर नोबुए आहे, आणि तुझी आई जिवंत आहे. यासुए वाट बघत उभी होती. तिला घाई नसते.

मी म्हटलं, "मिझुहो आली होती."

ती म्हणाली, "बरं," आणि माझ्या हातातले चार कांदे घेऊन गेली.

तोकिए